नायलॉनचें चाक व घरचा रंग

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावते, पोलादपुराजवळ सह्याद्रीचा पायथा सोडते आणि महाडावरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. या सबंध खोऱ्यांत चाकाचा संचार फार उशिरां झाला. महाडापर्यंत भरतीच्या पाण्यावर मचवे येत, आणि तेथून मीठ वर देशावर जाई तें बैलांच्या पाठीवरून, वरंध्याच्या किंवा पारघाटाच्या वाटेनें. घाट फोडून गाडीरस्ते झाले तेव्हां कोठें गाडीचें चाक येथें रुळलें. त्या चाकाला रंग म्हणून कांहीं नव्हता. लाकडाचा तुंबा, लाकडाचे आरे, वर तापवून चढविलेली लोखंडी धाव आणि आंसाला वंगण, एवढाच त्याचा थाट. तें जुनें झालें म्हणजे सुतार एखादा आरा बदली, लोहार धाव आंवळून देई, आणि तेंच चाक आणखी कांहीं पावसाळे काढी. चाक टाकून द्यावें ही कल्पना त्या काळच्या माणसाला सुचली नसती.

सायकलीचें चाक निराळ्या जातीचें. गाडीच्या चाकांत सारा भार खालच्या आऱ्यावर दाबला जातो. सायकलीच्या चाकांत तो ताणलेल्या तारांवर तोललेला असतो. ही युक्ति पॅरिसच्या युजीन मेयर यानें १८६९ सालीं सिद्ध केली. जेम्स स्टार्ले यानें १८७४ त तारा तिरप्या बसविल्या, त्याचा पुतण्या जॉन केंप स्टार्ले यानें १८८५ त दोन सारख्या चाकांची आजच्या बांध्याची सायकल केली, आणि बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या गुरांच्या डॉक्टरानें १८८८ त हवेची धाव आणली. चाक हलकें झालें, बळकट झालें. परंतु तें लोखंडाचें राहिलें, आणि लोखंडाचा शत्रु कोंकणांत आकाशांतूनच उतरतो. महाड-पोलादपुराच्या पट्ट्यांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. चार महिने पडवींत उभी राहिलेली सायकल दसऱ्याला बाहेर काढावी तों तारांवर तांबेरा चढलेला असतो. आणि सायकलवाल्याकडे चाकाचा आउट काढावयास नेलें म्हणजे चावी लावतांच दोन तारा तुटून हातांत येतात.

या दुखण्यावर जो उपाय निघाला, तो चाकासाठीं शोधलेला नव्हता. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीच्या विल्मिंग्टन येथील प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखालीं २८ फेब्रुवारी १९३५ रोजीं एक नवा पदार्थ तयार झाला. त्याचें नांव पुढें नायलॉन ठेवण्यांत आलें. रेशमाच्या तंतूंत रेणूंची जी सांखळी किडा विणतो, तिच्या नमुन्यावर कोळसा, पाणी आणि हवा यांपासून निघालेल्या द्रव्यांची सांखळी माणसानें विणली, असें त्याचें वर्णन त्या काळीं होत असे, व तें फारसें चुकीचें नाहीं. कॅरदर्स यांना त्याचें यश पाहावयास मिळालें नाहीं. २९ एप्रिल १९३७ रोजीं त्यांनीं स्वतःचा अंत करून घेतला. १९३८ त नायलॉनच्या केसांचे दांत घासण्याचे ब्रश विक्रीस आले, १९४० च्या मे महिन्यांत पायमोजे आले, आणि लगेच महायुद्धानें तो सारा माल हवाई छत्र्यांसाठीं ओढून घेतला.

आपल्या किनाऱ्यावर नायलॉनची खरी ओळख झाली ती कोळ्यांच्या जाळ्यांतून. सुताचें व तागाचें जाळें कुजूं नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यांत तें वरचेवर भिजवावें लागे. सालींतील तुरट द्रव्य धाग्यांत मुरे, जाळें तपकिरी होई, आणि कांहीं दिवसांनीं तोच उद्योग पुन्हां आरंभावा लागे. नायलॉनचें जाळें आलें आणि ही काढ्याची भांडीं चुलीवरून उतरलीं. नायलॉन कुजत नाहीं. गंजण्याचा तर प्रश्नच नाहीं.

चाकावर त्याची स्वारी व्हावयास मात्र १९७० नंतरचें दशक उजाडावें लागलें. त्या वेळीं कॅलिफोर्नियांत मुलांनीं लहान सायकलींवरून मातीच्या रानांत उड्या मारण्याचा खेळ काढला होता. तारांची चाकें त्या आपटींत टिकेनात. आधीं ओतीव धातूचें चाक निघालें. तें महाग व जड. मग त्याच प्रांतांतील रेडिंग गांवच्या स्कायवे कंपनीनें नायलॉनमध्यें कांचेचे बारीक तंतु मिसळून पांच जाड आऱ्यांचें एकसंध चाक सांच्यांत ओतलें. कांचेच्या तंतूंनीं ताठपणा आला, नायलॉननें लवचिकपणा राखला, आणि रंग तर सांच्यांत ओततांनाच घालतां येऊं लागला: पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, काळा. चाक रंगीत असूं शकतें, ही गोष्ट मुलांच्या दृष्टीनें त्याच्या बळकटीपेक्षां मोठी ठरली असावी. त्या यशानें भुलून स्वीडनांत विल्हेल्मिना या गांवीं १९८२ पासून इटेरा नांवाची सबंध प्लास्टिकची सायकल निघूं लागली. चौकट, चाकें, सारें प्लास्टिकचें. ती पायांखालीं लवलव करी, लोकांना तिचा भरंवसा वाटेना, आणि १९८५ पर्यंत तो खेळ आटोपला. म्हणजे प्लास्टिकची सायकल मेली, प्लास्टिकचें चाक जगलें. जेथें चाक लहान व स्वार हलका, तेथेंच हें द्रव्य शोभतें, एवढा त्याचा अर्थ. आपल्याकडेही लहान मुलांच्या सायकलींना अशीं जाड आऱ्यांचीं चाकें दिसतात तीं याच वंशांतलीं.

अशा चाकाला म्हातारपण येतें तें गंजानें नव्हे, तर रंगानें. पांढरें चाक उन्हानें व हवेनें हळदीसारखें पिवळें पडतें. निळें चाक फिकें होऊन त्यावर राखेसारखी साय येते. आंतून तें पुष्कळ वेळां धड असतें. पण मुंबईहून गणपतीसाठीं येणाऱ्या चाकरमान्यानें आपल्या मोठ्या झालेल्या मुलाची सायकल गांवच्या पुतण्यासाठीं आणली, तर घरांतलीं माणसें प्रथम चाकाकडे पाहतात आणि 'भंगारची' म्हणून नाक मुरडतात. पुतण्याही मग ती शाळेंत नेत नाहीं. तेल-रंगाचा हात द्यावा तर तो नायलॉनवर धरत नाहीं. पहिल्या पावसांत पापुद्रे निघतात. वरून फासलेला रंग आणि आंत मुरलेला रंग यांत जो भेद, तो आपल्या जुन्या रंगाऱ्यांना चांगला ठाऊक होता. आणि या चाकाचा इलाज त्यांच्याच विद्येंत आहे.

सुती कापडावर रंग बसविणें हें सोपें काम नव्हे. कापसाच्या तंतूला रंगाची ओढ नसते; मध्यें दुवा लागतो. हा दुवा सह्याद्रीच्या रानांतच लोंबत असतो, तो म्हणजे हिरडा. हिरड्याच्या तुरट पाण्यांत कापड भिजवून, पुढें तुरटीचा हात देऊन, मग आलीच्या मुळ्यांत तें उकळलें कीं पक्का तांबडा रंग चढे. तोच हिरडा हिराकसाला मिळाला कीं काळा होई. रेशमाची व लोकरीची गोष्ट वेगळी. तीं प्राण्यांपासून आलेलीं द्रव्यें असल्यामुळें आंबट पाण्यांत रंग आपण होऊन ओढून घेतात. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें १८५६ त क्विनीन करावयास जाऊन डांबरांतून जांभळा रंग काढला, तेव्हां त्यालाही हाच अनुभव आला. रेशमावर तो रंग सहज चढला. सुतावर चढेना, म्हणून त्याला शेवटीं तुरट द्रव्याचाच आधार घ्यावा लागला. म्हणजे ज्या विद्येचा पुढें डांबरी रंगांनीं नाश केला, त्याच विद्येच्या खांद्यावर हात ठेवून ते रंग उभे राहिले.

नाश झाला तो मात्र खरा. मंजिष्ठेच्या मुळांत असणारा तांबडा रंग ग्रेबे व लीबरमान यांनीं १८६८ त प्रयोगशाळेंत तयार केला; १८९७ त जर्मनींतून कारखान्याची नीळ बाजारांत आली. दोन पिढ्यांत आलीची लागवड बसली, निळीचीं कुंडें कोरडीं पडलीं, आणि ज्यांच्या आडनांवांतच रंग होता त्या रंगारी कुळांतल्या मुलांनीं दुसरे धंदे धरले. घरोघरच्या बायकांच्या हातीं एक कागदी पुडी तेवढी राहिली. विटलेलें लुगडें त्या पुडीनें पुन्हां नेसण्याजोगें होई. पुढें कृत्रिम धाग्यांचीं न विटणारीं पातळें आलीं आणि पुडीचीही फारशी गरज उरली नाहीं. कारखान्यांत ओतांतच रंग मिसळूं लागल्यावर रंगारी हा मधला माणूसच नाहींसा झाला. आज महाडजवळ बिरवाडीच्या बाजूस औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने उभे आहेत. पण त्याच तालुक्यांत कापड रंगवून घ्यावयाचें म्हटलें तर रंगारी कोठें शोधावा, हा प्रश्न पडतो.

आतां या कथेंत एक गमतीचा दुवा आहे. नायलॉन हें रेशमाच्या नमुन्यावर घडविलेलें असल्यामुळें रंगाच्या बाबतींत तें रेशमाच्याच गोत्राचें आहे. त्याच्या रेणूंच्या सांखळीच्या टोकांना जे गट असतात, ते आंबट पाण्यांत विद्युद्भारित होतात व उलट भाराच्या रंगकणांना धरून ठेवतात. म्हणून लोकर व रेशीम रंगविण्याचे जे रंग, तेच नायलॉनला चालतात. सुताच्या रंगाची पुडी मिठाच्या पाण्यांत घालून चाक उकळलें तर निराशा पदरीं येण्याचा संभव फार. पुडी लोकर-रेशमाची आहे, किंवा तिच्यावर नायलॉनचा उल्लेख आहे, हें पाहूनच ती घ्यावी.

परंतु चाक नायलॉनचें आहे कीं नाहीं, हें प्रथम ठरविलें पाहिजे. कारण स्वस्त चाकें पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या दुसऱ्या प्लास्टिकचीं असतात, आणि त्यांना रंग धरावयास जागाच नसते. याची परीक्षा घरचें पिंपच घेतें. टायर, ट्यूब, फ्रीव्हील, आंस, छरे सगळें काढून नुसतें चाक पाण्यांत सोडावें. साधें पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकें, तें तरंगतें. नायलॉन पाण्याच्या १.१४ पट जड, कांच मिसळलेलें तर त्याहून जड, तें तळ गांठतें. बुडालें म्हणजे नायलॉनच, असें मात्र नव्हे. पाण्याहून जड अशीं दुसरींही प्लास्टिकें आहेत. म्हणून आऱ्याच्या आंतल्या बाजूनें चाकूनें खरवडून चिमूटभर कीस काढावा व वाटीभर ऊन रंगांत घालून पाहावा. कीस धुतल्यावरही रंगीत राहिला तर कामाला हात घालावा.

पुढचें काम रंगाऱ्याचें नसून परटाचें आहे, आणि तेंच बहुतेक लोक घाईनें उरकतात. वंगणाचा एक थेंब जरी राहिला तरी त्या जागीं डाग पडतो. साबणाचें ऊन पाणी व ब्रश यांनीं चाक दोनतीनदां धुवावें. वरची राखेसारखी साय ओल्या पॉलिश पेपरानें, बारीक दाण्याच्या, हलक्या हातानें उतरवावी. पिवळेपणा घालविण्यासाठीं कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनचें पाणी पुष्कळांना सुचतें. तें नायलॉनचें वैरी आहे. त्यानें चाक पांढरें न होतां अधिक पिवळें व ठिसूळ होतें. तीच गोष्ट संडास धुण्याच्या ॲसिडाची. रंगाला आंबटपणा लागतो हें ऐकून कोणी तें ओतील, तर तीव्र खनिज अम्लानें नायलॉनची सांखळीच तुटते. येथें आंबटपणा हवा तो व्हिनेगरचा किंवा लिंबूसत्वाचा, म्हणजे स्वयंपाकघराला सोसेल एवढाच. याच वेळीं तुंब्याजवळ व टायर बसते त्या कांठाशीं चीर आहे का, तें उजेडांत धरून पाहावें. चीर गेलेलें चाक रंगवूं नये. रंग चीर झांकतो, सांधत नाहीं. आणि झांकलेली चीर उघडी पडते ती मूल सायकलीवर असतांना.

वीस इंची म्हणून जी सायकल विकली जाते, तिचें चाक टायर काढल्यावर दीड फुटाच्या आंत भरतें. तें पुरतें बुडेल असें भांडें घरांत सहसा नसतें. तेलाचें दोनशें लिटरचें पत्र्याचें पिंप आडवें कापून त्याचा खालचा भाग घेतला तर चाक आडवें मावतें; मात्र पिंपांत पूर्वीं काय होतें याची खात्री हवी, आणि कापण्याचें काम फॅब्रिकेशनवाल्याकडूनच, पिंप नीट धुऊन करवावें. तांब्याचें घंगाळ मोहात पाडतें, पण आंबट पाण्यांत तांबें उतरतें व रंग बिघडतो, ॲल्युमिनियमही नको. ज्या भांड्यांत रंग उकळला त्यांत पुन्हां अन्न शिजवूं नये. चूल परसांत मांडावी.

रंग आधीं वेगळ्या कढत पाण्यांत विरघळवून, गाळून, मग पिंपांत घालावा. पाणी कोमट असतांनाच चाक सोडावें व हळूहळू उकळीच्या जवळ न्यावें. उकळत्या पाण्यांत एकदम टाकलें तर जेथें रंग आधीं लागला तेथें तो गर्द होतो. उष्णतेनें चाक वितळेल ही भीति नको. नायलॉनच्या प्रकाराप्रमाणें तें २२० ते २६० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास वितळतें, पाणी तर १०० अंशांवर उकळतें. उष्णतेचा उपयोग असा कीं, रेणूंच्या सांखळ्या सैल होतात व रंगाला आंत शिरावयास वाट मिळते. अर्धा तास, कधीं तास; मधूनमधून चाक उलटावें. व्हिनेगर एकदम न ओततां थोडथोडें घालावें. गेलेल्या रंगाहून गडद रंगच चढतो, फिका चढत नाहीं, हें सांगावयास नको. पिवळटलेलें पांढरें चाक तांबडें, निळें, काळें होईल, पण तांबड्याचें पिवळें कधींही होणार नाहीं. काळा रंग सगळ्यांत फसवा. पुड्यांतला काळा हा पुष्कळदां दोनतीन रंगांचा मेळ असतो. नायलॉनवर रंग धरणाऱ्या जागा लोकरीच्या मानानें थोड्या, त्यांवर आधीं पोहोंचेल तो रंग बसतो, आणि काळ्याचें जांभळें किंवा हिरवट होतें. अशा वेळीं दोष बहुधा हाताचा नसतो, मेळाचा असतो.

या उकळण्यापासून एक लाभ न मागतां मिळतो. कोरडें नायलॉन ठिसूळ असतें. पाणी शोषलें म्हणजे त्याला चिवटपणा येतो. कारखान्यांतही नायलॉनचे नवे भाग मुद्दाम पाण्यांत मुरवितात. उन्हानें जे रेणू तुटले ते कांहीं सांधत नाहींत, तरी धड चाक रंगाच्या स्नानानंतर आपटीला थोडें अधिक सोसतें. पाण्यानें तें किंचित फुगतेंही. म्हणून छरे व आंस लगेच न बसवितां दोन दिवस सांवलींत टांगून ठेवावें.

येथपर्यंत सर्व ठीक. पण पोलादपुराला एक गोष्ट अशी आहे कीं जी कॅलिफोर्नियाच्या मुलांना विचारांत घ्यावी लागली नव्हती. पोलादपुराहून महाबळेश्वराला जाणारा आंबेनळीचा घाट बाराशें मीटरांहून अधिक चढतो. आणि जो चढतो तो उतरतो. मूल व सायकल मिळून ६० किलो वजन धरलें, तर तेवढ्या उतरणींत जी शक्ति मोकळी होते तिनें सव्वादोन लिटर थंड पाणी उकळीला येईल. वारा त्यांतला कांहीं भाग घेतो. बाकीची सगळी उष्णता ब्रेकच्या रबरांत आणि चाकाच्या कांठांत निघते. धातूच्या रिमेंत ती पसरते व वाऱ्यानें जाते. नायलॉन ॲल्युमिनियमच्या शेंकडों पटींनीं मंद उष्णतावाहक असल्यामुळें ती कांठाच्या पृष्ठभागींच साठते. पृष्ठभाग मऊ पडतो, रबर चिकटल्यासारखें होतें किंवा घसरतें. शिवाय चढविलेला रंग मिलिमीटराच्या अंशाइतकाच खोल असतो, तो ब्रेकच्या वाटेवर झिजून जुनें चाक डोकावूं लागतें. नायलॉनच्या चाकांसाठीं निराळें रबर मिळतें तें याच कारणानें. तथापि कशेडी, वरंधा किंवा आंबेनळी यांच्या उतारावर असें चाक नेऊंच नये. तें महाडच्या सपाट गल्लीचें, शाळेच्या वाटेचें व अंगणाचें चाक आहे. रंगवून तें नवें दिसलें म्हणजे घरच्या माणसांचाच या गोष्टीचा विसर पडण्याचा संभव अधिक. मुलाला तर ती ठाऊकच नसते.

शेवटीं पिंपांतल्या पाण्याचें काय करावयाचें, हा प्रश्न उरतो, आणि या खोऱ्यांत तो लहान नाहीं. पाण्यावरचा माणसाचा हक्क सांगण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं ज्या गांवच्या चवदार तळ्यावर हजारों लोक चालून गेले, त्याच गांवाशेजारून वाहणाऱ्या सावित्रीच्या पाण्याविषयीं अलीकडच्या काळांत तक्रारी ऐकूं येत राहिल्या आहेत, आणि त्यांत रसायनांच्या सांडपाण्याचें नांव वारंवार आलें आहे. एका पिंपानें नदी बिघडत नाहीं, हें खरें. पण प्रत्येक पिंपवाला तेंच म्हणतो. जुलै २०२१ च्या पुरांत नदी महाडच्या घरांत शिरली, तेव्हां परसांत ओतलेलें आणि गटारांत सोडलेलें सगळें तिनें घरांत परत आणून दाखविलें.

सुदैवानें या कामाची रीतच अशी आहे कीं, कौशल्य वाढलें म्हणजे घाण कमी होते. आंबट पाण्यांत नायलॉन रंग शोषून घेतें. पुडी बेताची असली व शेवटचें व्हिनेगर वेळेवर पडलें, तर तासाभरानें पिंपांतलें पाणी जवळजवळ निवळतें. जुने रंगारी कुंडांतल्या पाण्याकडे पाहून हातचें काम ओळखीत. पाणी गडदच राहिलें तर रंग वाया गेला असें समजावें. तें ओतून न देतां थोडें व्हिनेगर घालून त्यांत दुसरें चाक, किंवा बुडणाऱ्याच जातीचें सायकलीचें पेडल, सोडून पाहावें. निवळलेलें पाणीही विहिरीजवळ किंवा ओढ्यांत टाकूं नये. चाक चिमट्यानें वर काढून आधीं ऊन, मग थंड पाण्यानें धुवावें. धुण्याचें पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावें, नाहींतर पहिल्या पावसांत मुलाचे पांढरे मोजे निळे होतील.